मावशीची भट्टी

मावशीच्या खोलीत आता चाकांच्या खुर्च्या ठेवतात. परवा शाळेतून येताना मुद्दाम वाट वाकडी केली आणि हॉस्पिटलच्या तळघरात जाऊन पाहून आले. दार तेच, दाराचा हिरवा रंग तोच, कडीही अजून दोनदा हिसडा दिल्याशिवाय निघत नाही. आत घडी घातलेल्या चोवीस खुर्च्या एकमेकींना टेकून उभ्या होत्या. मोजल्या, कारण त्या खोलीत शिरलं की काहीतरी मोजायचं ही माझी जुनी खोड. पहारेकऱ्याने विचारलं, काय हवंय. मी म्हटलं, काही नाही, माझी एक सुट्टी इथे राहिली होती. तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी आपली शहाण्यासारखी जिना चढून वर आले.

ती सुट्टी सातवीनंतरची. आता मी दहावीत आहे, वर्गात सगळ्यात आधी हात वर करते, मुख्याध्यापिकांनाही "बाई, जरा चुकतंय" असं सांगून मोकळी होते. तेव्हा मात्र दुकानात पेन्सिल मागायलासुद्धा मला आई सोबत लागायची. आईची बदली बँकेच्या दुसऱ्या शाखेत झाली होती, घरी दिवसभर कोणी नाही, म्हणून सकाळी नऊ वाजता माझी रवानगी मावशीकडे. मावशी हॉस्पिटलचं नेटवर्क सांभाळायची. पहिल्या दिवशी मी तिच्या मागे मागे सहा मजले फिरले, तेव्हापासून तिने माझं नाव शेपटी ठेवलं.

तिचं काम मला तिसऱ्या दिवशी कळलं. स्विच म्हटलं की आपल्याला भिंतीवरचं दिव्याचं बटण आठवतं. मावशीचे स्विच म्हणजे चपटे लोखंडी डबे, दप्तराएवढे, प्रत्येकाच्या तोंडात अठ्ठेचाळीस वायरी. प्रत्येक मजल्यावर कुलूपबंद कपाटात असे सहा-सात. सगळे मिळून बेचाळीस. नर्सच्या टेबलावरचा कॉम्प्युटर, एक्स-रेची चित्रं, औषधांच्या याद्या, सगळं त्यांच्यातूनच इकडून तिकडे जायचं. आणि प्रत्येक डब्याच्या पोटात काडेपेटीएवढं पण बिस्किटासारखं चपटं एक मेमरी कार्ड. डब्याची सगळी अक्कल त्या कार्डात. वीज आली की स्विच कार्ड वाचतो, सगळं डोक्यात भरून घेतो आणि कामाला लागतो. त्यानंतर तो कार्डाकडे ढुंकूनही बघत नाही.

"हीच तर मेख आहे," मावशी म्हणाली. "कार्ड आतल्या आत मेलं तरी स्विच चालूच राहतो. महिना, वर्ष, तीन वर्षं. कळतं कधी? वीज जाऊन परत येते तेव्हा."

हे ती पुस्तकात वाचून सांगत नव्हती. आदल्या वर्षी दहा मिनिटं वीज गेली आणि जनरेटर उशिरा लागला. वीज आल्यावर एक्केचाळीस स्विच उठले, एक उठला नाही. तिसऱ्या मजल्यावरचा, लहान मुलांच्या वॉर्डचा. कार्ड मेलेलं, कधी मेलं देव जाणे. नवीन सापडून बसेपर्यंत सहा तास त्या मजल्यावरच्या नर्सेस कागद घेऊन जिने चढत-उतरत होत्या. कोणाला काही झालं नाही. पण तेव्हापासून मावशीचा कोणत्याच वस्तूवर विश्वास राहिला नव्हता. आमच्याकडे जेवायला आली तरी गॅस बंद आहे का ते तीनदा बघून यायची. आई म्हणायची, ताई, अगं घर माझं आहे.

म्हणून ती भट्टी.

खोलीच्या कोपऱ्यात फायलींचं जुनं लोखंडी कपाट होतं. त्याचे मधले कप्पे काढून मावशीने आत एक म्हातारा स्विच ठेवला होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना शंभरचे दोन पिवळे बल्ब. दाराला भोक पाडून थर्मामीटर अडकवलेला. वरच्या मजल्यांवरची कपाटं ऐन उन्हाळ्यात आतून किती तापतात ते तिने मोजून आणलं होतं आणि भट्टी बरोब्बर तेवढीच तापवायची. म्हाताऱ्या स्विचला आम्ही भोंगा म्हणायचो, कारण चालू होताना त्याचा पंखा असा काही बोंबलायचा की कॉरिडॉरमधून जाणारा माणूस दचकायचा. गरम धुळीचा, पत्र्याचा आणि जरासा करपलेल्या रंगाचा वास यायचा. तो वास आजही कुठल्या जुन्या रेडिओच्या मागे आला की मी तिथेच थांबते. मैत्रिणी म्हणतात, हिला वेड लागलंय. लागलंय.

त्या सुट्टीत भट्टी दिवसभर पेटलेली असायची. कारण असं की हॉस्पिटलचा मुख्य वीजफलक बदलायचा ठरला होता. पंधरवड्यानंतरच्या शनिवारी दुपारी बारा ते दोन वीज बंद. ऑपरेशनची यंत्रं वगैरे वेगळ्या जनरेटरवर जाणार होती, पण बेचाळीसच्या बेचाळीस स्विच एकदम झोपणार आणि एकदम उठायला हवेत. जुनी कार्डं नऊ वर्षांची होती, म्हणून अठ्ठेचाळीस नवी मागवली होती. बेचाळीस बसवायला, सहा हाताशी.

खरेदी खात्याच्या साहेबांना सगळे फायलीसाहेब म्हणायचे. ते काही वाईट नव्हते. चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधायचे, मला भेटले की विचारायचे, कितवीत आहेस, आणि उत्तर ऐकून म्हणायचे, अरे वा, कोणतीही इयत्ता असली तरी. पण नव्या कार्डांचं खोकं ठेवून जाताना त्यांनी मावशीला सरळ सांगितलं की वरच्यांची चर्चा झाली आहे. एका बाहेरच्या कंपनीने हे सगळं काम मागितलंय. मागच्या वर्षीचं लोक विसरले नाहीत. त्या शनिवारी एक जरी स्विच उठला नाही तर काम त्यांच्याकडे, आणि मग ही खोलीही रिकामी करावी लागेल. आदल्या शुक्रवारपर्यंत कार्डं पास झाल्याची सही द्या, म्हणाले. जाताना दारातून मागे वळून, "मॅडम, मी तुमच्याच बाजूने बोललो बरं का," असंही म्हणाले. मावशी म्हणाली, हो, दिसतंय.

मग आम्ही दोघी कामाला लागलो. अशी दहा कार्डं आधीच नमुना म्हणून आली होती आणि पासही झाली होती, तरी मावशी म्हणाली, दहांची परीक्षा दहांनीच दिली, या सगळ्यांची मी घेणार. एकेका कार्डावर तिने एक ते अठ्ठेचाळीस आकड्यांच्या चिकटपट्ट्या लावल्या. आधी कार्ड लॅपटॉपला लावून काठोकाठ भरायचं आणि भरलेलं सगळं परत वाचून बघायचं, कारण काही कार्डं अंगावर मोठा आकडा छापून घेतात आणि आत जागा निम्मीच असते. मग ते भोंग्याच्या पोटात घालून तिथेच पुसायचं. लॅपटॉपवर पुसलेलं कार्ड भोंगा ओळखत नाही, नाक मुरडतो. मग त्यात प्रोग्राम भरायचा. मग प्लग ओढायचा, लावायचा. पाच वेळा भट्टी थंड असताना, पाच वेळा गरम असताना. बटणाने नाही, प्लग ओढूनच. वीज काय बटण दाबून, निरोप घेऊन जाते का, असं मावशीचं म्हणणं.

प्लग ओढायचं काम माझं. अठ्ठेचाळीस गुणिले दहा, चारशे ऐंशी वेळा. माझ्या आयुष्यातली ती पहिली नोकरी आणि मी ती अशा थाटात करायचे की जणू मी नसते तर हॉस्पिटल बंद पडलं असतं. मावशीची एक मोठी वही होती, त्यात प्रत्येक कार्डापुढे दहा चौकोन आणि वर दोनच शब्द: उठला, नाही उठला. मागच्या वर्षीनंतर तिनेच आखलेली वही. भोंग्याचा हिरवा दिवा लागला की ती "उठला" म्हणायची आणि बरोबरची खूण करायची. दर खुणेला तिचा खांदा जरासा खाली यायचा, हे मला दिसायचं.

फ्यूजकाका मध्ये मध्ये डोकावायचे. ते हॉस्पिटलचे जुने वायरमन, कानावर पेन्सिल, खिशात टेस्टर, पायात कायम एकाच जोडीच्या नसलेल्या चपला. ते मावशीला ताई म्हणायचे आणि रोज तेच विचारायचे, "काय ताई, आज किती पोरं भाजली?" मावशी म्हणायची, तुम्ही बसा आत, तुमचीही घेते परीक्षा. ते म्हणायचे, मला पस्तीस वर्षांत कितीदा झटका बसलाय, मी दर वेळी उठलोय, लिहा वहीत. दुपारी डबे उघडायचे तेव्हा आम्ही तिघं उलट्या ठेवलेल्या खोक्यांवर बसायचो आणि भोंगा मागे घरघरत असायचा. कितीही मोठ्या हॉटेलात जेवले तरी तशी भूक मला परत लागलेली नाही.

आता माझा गुन्हा सांगते. प्लग लावल्यापासून हिरवा दिवा लागेपर्यंत तीन मिनिटं जायची आणि त्या तीन मिनिटांत करायला काहीच नसायचं. माझ्याकडे शाळेतल्या धावण्याच्या सरावासाठी बाबांनी दिलेलं स्टॉपवॉच होतं. धावण्यात मी शेवटून दुसरी यायचे, त्यामुळे ते माझ्यापेक्षा भोंग्याच्याच कामाला आलं. कोणी सांगितलं नव्हतं, विचारलं नव्हतं. गणिताच्या कच्च्या वहीच्या मागच्या पानांवर मी नुसती गंमत म्हणून आकडे मांडत गेले. आठ नंबर, थंड, तीन मिनिटं आठ सेकंद. आठ नंबर, गरम, तीन मिनिटं नऊ. एकदम शिस्तीचं. जी कार्डं अशी वेळेवर उठायची त्यांच्यापुढे मी वेणी घातलेला चेहरा काढायचे. आणि काही कार्डं थंडीत ठीक असायची, पण भट्टी तापली की आळस द्यायची. एकतीस नंबर, गरम: तीन मिनिटं चौदा, मग सतरा, मग एकवीस, मग सव्वीस, मग अठ्ठावीस. त्यांच्यापुढे मी विस्कटलेले केस काढायचे, कारण शाळेच्या दिवशी मी अशीच उठते.

बुधवारी दुपारी अठ्ठेचाळिसाव्या कार्डाची शेवटची खूण झाली. चारशे ऐंशी चौकोन, चारशे ऐंशी बरोबर. मावशी वहीकडे बघत राहिली, मग तिने केस सोडून परत बांधले आणि मला म्हणाली, चल शेपटी, आज लवकर घरी जाऊ. बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून गाणं गुणगुणत होती. माझी मावशी गाते हे मला त्या दिवशी कळलं.

आणि माझ्या दप्तरात ती कच्ची वही.

घरी येऊन मी विस्कटलेले चेहरे मोजले. एकोणीस. परत मोजले. एकोणीसच. मला वाटलं, असेल काहीतरी. मला काय कळतंय, मी सातवीतून नुकती आठवीत गेलेली. सगळी उठली आहेत ना, मग झालं. शिवाय मावशी इतकी खुशीत गात होती. मी वही बंद केली, दात घासले, झोपले आणि सकाळी बाबांनी न उठवता उठले. आमच्या घरात ही गोष्ट कोणाला तरी ताप आल्याशिवाय घडत नाही, म्हणून आईने आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

गुरुवारी मावशीने सहीचा कागद काढून टेबलावर ठेवला होता. पेनाचं टोपण उघडं. मी वही तिच्या कागदावरच ठेवली. ती दोनदा सरळ केली. मग मी एका दमात सगळं सांगून टाकलं. स्टॉपवॉच, वेण्या, विस्कटलेले केस, एकोणीस.

"पण उठली ना?" मावशी म्हणाली.

"उठली. पण कशी उठली ते मी लिहिलंय."

तिने पानं उलटली. पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर राग आला, माझ्यावर नव्हे, पण माझ्याच दिशेने. ती म्हणाली, बल्ब कमी-जास्त तापले असतील, तुझं बोट उशिरा दाबलं गेलं असेल. मी म्हटलं, बोट उशिरा दाबलं असतं तर सगळ्यांनाच उशीर झाला असता. हे वाक्य माझ्या तोंडून आलं याचं मलाच आश्चर्य वाटलं. मी मोठ्या माणसाला उलट उत्तर दिलेलं ते पहिलं, आणि खरं सांगते, तिथूनच मी अशी झाले.

मावशीने आपलं मनगटी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. आठ नंबर पुन्हा घातलं. मग एकतीस नंबर, गरम भट्टीत, पाच वेळा. फ्यूजकाका आले आणि तिचा चेहरा बघून एका खोक्यावर बसले. पाचव्या वेळेला तीन मिनिटं एकतीस सेकंद लागले. मावशीने खणातून पातळ पातं काढलं आणि दोन्ही कार्डांचं कवच कडेने उकललं, अगदी आई कात्रीने शिवण उसवते तशा शांतपणे. भिंग माझ्या हातात दिलं. आतले काळे तुकडे वेगळे होते. आठ नंबरात दोन, नीट, एका ओळीत. एकतीस नंबरात एकच, त्यावर दुसरीच अक्षरं. बाहेरचा छाप सारखा, रंग सारखा, पाकीटही सारखं.

फ्यूजकाका भिंगातून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "वरून सख्खे भाऊ दिसतायत. आतून आई-बाप वेगळे."

मावशीने मला समजावून सांगितलं ते असं: कार्ड बनवणारे मध्येच आतला माल बदलतात आणि कवच तेच ठेवतात. एकतीस नंबर गरम झालं की वाचताना अडखळतं, परत वाचतं, चूक आतल्या आत सुधारून घेतं आणि आपल्याला कळू देत नाही. आज त्याला वीस-पंचवीस सेकंद जास्त लागतात. आणखी दोन उन्हाळे गेले की ते सुधारायचंच विसरेल.

"मी फक्त उठला का एवढंच विचारत बसले," ती म्हणाली. "एकदा चटका बसला आणि मी त्या चटक्याचीच वही आखली."

मग फायलीसाहेब आले. शुक्रवारची सही गुरुवारीच मिळाली तर बरं, असं त्यांचं म्हणणं होतं. मावशीने सांगितलं की सही मिळणार नाही, एकोणीस कार्डं मी बसवणार नाही. त्यांनी वही चाळली. सगळीकडे बरोबरच्या खुणा. ते म्हणाले, मॅडम, तुमच्याच वहीत सगळी पास आहेत. मावशीने माझी कच्ची वही पुढे केली. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, वेण्या आणि विस्कटलेले केस बघितले, मग माझ्याकडे बघितलं. जे हॉस्पिटलच्या परीक्षेत पास झालं ते सातवीतल्या मुलीच्या चित्रांवरून नापास करायचं, हे वर कसं सांगू, असं त्यांनी विचारलं, आणि त्यात त्यांचं काही चुकतही नव्हतं. शिवाय आता नवी मागवायला वेळ नाही. मग शनिवारी काय बसवणार?

हिशोब मलाही येत होता. अठ्ठेचाळिसातून एकोणीस गेली, चांगलं आठ नंबर आपणच पात्याने उघडलं. चांगली उरली अठ्ठावीस. स्विच बेचाळीस. चौदा कमी.

मावशी एवढंच म्हणाली की शनिवारी काय होईल ते माझ्या नावावर लिहा, कागद आणा, त्याच्यावर सही करते.  साहेबांनी तसा कागद खरंच आणला आणि तिने सही केली. त्यांचाही चेहरा पडला होता.

ते गेल्यावर तिने खडू घेतला आणि जमिनीवरच लिहायला बसली. अठ्ठावीस नवी कार्डं अठ्ठावीस स्विचमध्ये आजच घालायची. स्विच चालू असताना कार्ड काढलं-घातलं तरी त्याला पत्ताही लागत नाही. त्या अठ्ठावीस स्विचमधून जी जुनी कार्डं निघतील ती भट्टीत घालायची, तीन-तीनदा, घड्याळ लावून. त्यातली सगळ्यात शिस्तीची चौदा निवडायची आणि उरलेल्या चौदा स्विचमध्ये घालायची.

मग तिने त्या चौदा स्विचची नावं लिहिली आणि फ्यूजकाकांनी कानावरची पेन्सिल काढून हातात घेतली. मुलांचा वॉर्ड. ऑपरेशनचा मजला. अतिदक्षता. सगळ्यात नाजूक जागा तिने शेवटी ठेवल्या होत्या. म्हणजे तिथे नऊ वर्षांची जुनी कार्डं बसणार आणि कपडे धुण्याच्या खोलीजवळ नवी.

"ताई, उलटं झालं हो," फ्यूजकाका म्हणाले.

"उलटं नाही. ज्या खोक्यात दोन घरचा माल मिसळलाय, त्यातल्या चांगल्यावरही माझा निम्माच विश्वास आहे. जुनी सगळी एका घरची. कारखान्यातल्या उष्णतेसाठी बनवलेली. नऊ वर्षांत फार तर वीसदा वाचली असतील. काही मेली असतील, ती भट्टी सांगेल. जी उरतील त्यांची मला नऊ वर्षांची ओळख आहे, नव्यांची पंधरा दिवसांची."

त्यानंतरचा दीड दिवस माझ्या डोक्यात अजून जसाच्या तसा आहे. मावशी पुढे, मी मागे, हातात कापसाने भरलेला पुठ्ठ्याचा डबा. एकेक कपाट उघडायचं, आतून गरम वारा तोंडावर यायचा, ती बोटाने कार्ड दाबून बाहेर काढायची, दुसरं बसवायची, आणि बाजूच्या टेबलावरची नर्स टाइप करतच असायची. तिला कळायचंही नाही की तिच्या भिंतीमागे कोणीतरी आत्ता अक्कल बदलून गेलं. जुन्या कार्डांच्या चिठ्ठ्या पिवळ्या पडल्या होत्या आणि त्यांवर मावशीचंच नऊ वर्षांपूर्वीचं अक्षर होतं, जरा गोल, जरा घाईचं. एका चिठ्ठीवर तिने तारखेशेजारी छोटं फूल काढलं होतं. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, काय बघतेस, तेव्हा मी नवीन होते.

शुक्रवारी भट्टीत एक जुनं कार्ड उठलंच नाही. दोनदा, तीनदा, काही नाही. ते पाचव्या मजल्यावरून, रक्ततपासणीच्या स्विचमधून काढलं होतं. तो स्विच आदल्या दिवशीपर्यंत मजेत चालला होता. म्हणजे किती दिवस तो बिचारा रिकाम्या पोटाने उभा होता कोणास ठाऊक. मावशीने वहीत त्याच्यापुढे लिहिलं, नाही उठला. बाकीच्यांपैकी सोळा अशी उठली की थंडीत तीन-आठ, गरमीत तीन-आठ. मी सोळा वेण्या काढल्या. त्यातल्या चौदा मावशीने निवडल्या. दोन राहिल्या त्या बघून मला वाईट वाटलं, इतक्या त्या गुणी होत्या.

शनिवारी बारा वाजता वीज गेली आणि भोंग्याचा पंखा थांबला. पंधरा दिवसांत मी ती खोली इतका वेळ शांत ऐकलीच नव्हती. पाइपातून पाणी जातं ते ऐकू यायला लागलं. वरच्या मजल्यांवर सगळे दोन तास कागदांवर काम करत होते. फ्यूजकाका फलकाच्या खोलीत, आम्ही दोघी लॅपटॉपसमोर. पडद्यावर बेचाळीस ओळी, सगळ्या लाल. लॅपटॉप आपल्या बॅटरीवर, आणि मावशी कुठल्या बॅटरीवर होती माहीत नाही, कारण तिने सकाळपासून पाणीही प्यायलं नव्हतं. फायलीसाहेब दोन वाजायला दहा मिनिटं असताना आले आणि एका उलट्या खोक्यावर बसले.

दोन वाजून चार मिनिटांनी दिवे लागले. भोंगा बोंबलला. मी स्टॉपवॉच दाबलं.

मावशी पडद्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, तू सांग. मी सेकंद सांगत राहिले. एक मिनिट. दोन मिनिटं. तीन. तीन-आठला पहिली ओळ हिरवी झाली, आणि मग एकदम पाऊण पडदा. मी ओळी मोजायला लागले. मुलांचा वॉर्ड हिरवा. अतिदक्षता हिरवी. ऑपरेशनचा मजला हिरवा. जुनी चौदाच्या चौदा तीन-दहाच्या आत. तीन-वीसला एक्केचाळीस झाल्या.

एक लाल. सहावा मजला, चौथं कपाट.

फायलीसाहेब उठून उभे राहिले. मावशीने विचारलं, कोणतं कार्ड. मी यादी बघितली. नवं. सतरा नंबर. माझ्या वहीत वेणीवालं.

तीन-चाळीस. तीन-पन्नास. मी आकडे सांगायचं थांबवलं तर मावशी म्हणाली, सांगत राहा. चार मिनिटं. चार-दोन. चार-चार. चार मिनिटं पाच सेकंदांना ती ओळ हिरवी झाली.

 फायलीसाहेबांनी खिशातून तो सही केलेला कागद काढला, घडी उघडली, परत घडी घातली आणि म्हणाले, बेचाळीस म्हणजे बेचाळीस, मी वर तसं कळवतो. मग ती एकोणीस परत पाठवायची तर कारण काय लिहू, असं त्यांनी विचारलं, आणि हे विचारताना ते मावशीकडे नाही, माझ्याकडे बघत होते. मी सांगितलं. त्यांनी अक्षरन् अक्षर लिहून घेतलं.

बाहेरच्या कंपनीला त्या वर्षी काम मिळालं नाही, पुढच्या वर्षीही नाही. खोली आणखी दोन वर्षं आमची राहिली. मग सगळे स्विच बदलले. नव्यांत कार्डच नसतं, अक्कल आत पक्की बसवलेली असते. मावशी आता दुसऱ्या गावात असंच काम करते, फोनवर म्हणते, काही भाजायला मिळत नाही गं. फ्यूजकाका निवृत्त झाले. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी साहेब गेल्यावर मावशीने आपली मोठी वही उघडली. उठला आणि नाही उठला यांच्या शेजारी पट्टीने तिसरा रकाना आखला. पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, लिही, सतरा नंबर, चार मिनिटं पाच सेकंद, सोमवारी काढायचं. त्या वहीत तोवर दुसऱ्या कोणाचं अक्षर नव्हतं. मी इतकं सावकाश लिहिलं की माझं लिहून होईपर्यंत ती खुर्चीतच, मान मागे टाकून, तोंड थोडं उघडं ठेवून, चक्क घोरायला लागली होती. भोंगा मागे बोंबलत होता, तरीही.